हिरवी मळी

सुधाकरने अंगणात सायकल लावली ते भागूबाईने चुलीपाशी बसूनच ऐकलं. त्या स्टँडची करकर तिच्या ओळखीची होती. थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकलीच नाही. ती तशीच परातीत ठेवून, पिठाचे हात घेऊन ती ओटीवर आली.

सुधाकरचं पोमण कामणच्या या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. तरी तिचा हा धाकटा भाऊ तीन महिने या घराची पायरी चढला नव्हता. घरच्या पोलादाच्या कारखान्यात तो अकरा वर्षं; जॉ-प्लेटांना पाणी पाजण्याचं काम पहिल्यापासून त्याचंच. क्रशरमध्ये दगड फोडणाऱ्या त्या जाड पोलादी पाट्या तापवून लालभडक काढायच्या आणि पापणी लवायच्या आत टाकीत बुडवायच्या. नोव्हेंबरात रुडॉल्फ तुस्कानोच्या खाणीवर यांच्या कारखान्याची प्लेट चालता चालता दुभंगली. ती काढताना एक तुकडा साखळीतून निसटला आणि रुडॉल्फच्या खांद्याचं हाड मोडून गेला. दुसऱ्या दिवशी हरेशने, तिच्या थोरल्या मुलाने, सगळ्या कामगारांसमोर मामाला विचारलं होतं, "पाणी वेळेवर पाजलं होतं, की बिडी ओढत उभे होतात?"

सुधाकरने हातमोजे टाकीच्या काठावर ठेवले आणि तो निघून गेला.

"आलास," भागूबाई म्हणाली.

"तू निरोप धाडलास म्हनून आलो, बाय. कारखान्यासाठी नाय."

"बस. पानी आनते."

तिने तांब्या आणला. तो पाणी पीत असताना ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. वाफेने भाजल्याचे जुने डाग होते तिथे. तिला वाटलं, आज कारखान्याचा निर्णय काहीही होवो, या माणसाला पुन्हा उठून जाऊ द्यायचं नाही.

दहाच्या सुमाराला जितेंद्र आला. धाकटा मुलगा. लग्नानंतर तो बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, मुंबईला एका विमा कंपनीत होता. त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. ती कसली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भिवंडी रस्त्यावर गोदामं उठत होती, आणि कारखाना ज्या जागेवर उभा होता ती जागा एका गोदामवाल्याला भाड्याने हवी होती. वीस वर्षांचा करार. भट्टी, क्रेन, साचे सगळं हलवून जमीन मोकळी करून द्यायची, एवढीच अट.

"आधी जेवन," भागूबाईने बजावलं. "ताटावर कोनी कागद काढायचा नाय."

कोणी काढला नाही. पण सगळ्यांची नजर फाइलकडे जात होती. सुकटीचं कालवण आणि भाकऱ्या संपल्या, ताटं उचलली गेली, तरी नथू, घरधनी, एका शब्दाने बोलला नव्हता. एकोणीस वर्षांचा असताना तो भांडुपच्या फाउंड्रीत भट्टीवर लागला होता. पंचवीस वर्षं दुसऱ्याचं पोलाद वितळवून मग त्याने कामणला स्वतःची अर्ध्या टनाची भट्टी घातली. ते बारा वर्षांपूर्वी. आज तो भिंतीला टेकून बसला होता आणि अंगठ्याने तळव्यावरची घट्टी चोळत होता.

रुडॉल्फ आला तेव्हा सगळे ओटीवर बसले होते. त्याचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. तरी चप्पल काढताना त्याने त्याच हाताने खांब धरला, आणि हरेशने नजर दुसरीकडे वळवली.

"मी भांडायला आलो नाही, नथूभाऊ," तो म्हणाला. "ग्रेसी म्हणाली, बायको म्हणाली माझी, की बाहेरून प्लेटा आणायच्या असतील तर तोंडावर सांगून ये. सहा वर्षांचा संबंध आहे. म्हणून आलो."

"बरं केलंस," नथू म्हणाला.

जितेंद्रने फाइल उघडली. "बाबा, मी थोडक्यात बोलतो. नोव्हेंबरात एक प्लेट फुटली. त्यानंतर तीन गिऱ्हाइकांकडे आणखी चार चिरल्या. रुडॉल्फकाकांचं नशीब म्हणून खांद्यावर निभावलं. उद्या कुणाच्या डोक्यात तुकडा बसला तर? आपण काय उत्तर देणार? गोदामाला काही फुटत नाही, चिरत नाही. दरमहा भाडं येईल, तुम्ही दोघं आरामात राहाल. दादालाही मोकळं होता येईल."

"मला मोकळं व्हायचं नाहीये," हरेश म्हणाला.

"मग काय करायचंय? फुटणाऱ्या प्लेटा विकायच्यात?"

"चूक सुधारता येते. पाणी पाजण्यात गडबड झाली. नवा माणूस तयार करू."

सुधाकर उठायला लागला. भागूबाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस," ती म्हणाली, आणि मग थोरल्या मुलाकडे वळली. "हरेश, तुझा मामा नोव्हेंबरात गेला. त्या मागनं चिरलेल्या चार प्लेटा कवा ओतल्या?"

हरेश जितेंद्रच्या फाइलकडे बघू लागला.

"मी विचारते, कवा?"

"दोन तर नोव्हेंबरच्याच होत्या. दोन... जानेवारीत."

"जानेवारीत मामा व्हता?"

"नव्हता. पण तो नवीन माणूस शिकाऊ होता, आई. म्हणून—"

"म्हंजे मामा असला तरी मामाची चूक, नसला तरी मामा नसल्याची चूक."

रुडॉल्फ हसला आणि मग खोकल्यासारखं करून थांबला. जितेंद्रला आईचं म्हणणं आपल्या बाजूचं वाटलं. "तेच मी म्हणतोय ना, आई. कारण कुणालाच माहीत नाही. कारण माहीत नसताना चालवत राहणं म्हणजे धोका."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रचनाने पदराने कपाळ टिपलं. कारण माहीत होतं. चार दिवस ते तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं होतं.

रचना हरेशची बायको. माहेर आगाशीचं. बीएस्सीला केमिस्ट्री घेतलेली, आणि लग्नानंतरही वसई पूर्वेच्या एका तपासणी प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवस जाणारी. दुसऱ्यांच्या कारखान्यांचे नमुने ती रोज तपासायची. सासऱ्यांच्या कारखान्याचा एकही नमुना तिच्या टेबलावर कधी आला नव्हता. नथूला त्याची गरज वाटली नव्हती, आणि तिने कधी विचारलं नव्हतं. जानेवारीत मात्र ती स्वतःच रुडॉल्फच्या खाणीवर गेली, फुटक्या प्लेटेचा तुकडा मागून घेतला. मग कारखान्यामागच्या पत्र्याखालून एक जुनी, झिजून परत आलेली प्लेट शोधली. पोलादात मॅंगनीज यावं म्हणून भट्टीत टाकायच्या फेरो-मॅंगनीजच्या जुन्या आणि नव्या गोणीतले चार-चार खडे घेतले. आणि भट्टीतून काढून टाकलेल्या मळीच्या ढिगातले काही तुकडे.

काल संध्याकाळी तिने हरेशला कागद दाखवला होता. त्याने तो दोनदा वाचला.

"उद्या हे बोलू नकोस," तो म्हणाला होता.

"मग कधी बोलू?"

"मला जरा वेळ दे. बाबांसमोर, मामांसमोर... मी मामांना सगळ्यांदेखत काय बोललोय माहितीये तुला."

"माहितीये. म्हणूनच."

त्याने कागद तिच्या हातात परत दिला. रात्रभर त्याची कूस बदलणं तिला कळत होतं. आणि आता ती दारात उभी राहून विचार करत होती की नवऱ्याचा शब्द पाळला तर या घरातून एक निर्दोष माणूस दुसऱ्यांदा निघून जाईल, आणि मग जागाही जाईल. नाही पाळला, तर आज रात्री आणि उद्या सकाळी आणि पुढेही तिला या माणसाच्या समोर बसून जेवायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "मी थोडं बोलू?"

नथूने मान वर केली. ओटीवरच्या बैठकीत सून बोलायला उठल्याची त्याला सवय नव्हती. पण त्याने हाताने खूण केली, बोल.

तिने पर्स आणली. कागद बाहेर काढला, पण वाचला नाही; आकडे तिला पाठ होते.

"मी फुटलेल्या प्लेटेचा तुकडा तपासलाय. कार्बन ठीक आहे. मॅंगनीज साडेबारा टक्के, ते पण ठीक. फॉस्फरस बघा. आपल्या जुन्या प्लेटेत, जी न चिरता पूर्ण झिजून परत आली, तिच्यात शेकडा शून्य पॉइंट शून्य पाच. फुटलेलीत शून्य पॉइंट अकरा. दुपटीहून जास्त."

"एवढ्याशाने काय होतं?" जितेंद्रने विचारलं.

"होतं, भावजी. पोलाद थंड होताना त्याचे दाणे बनतात. फॉस्फरस त्या दाण्यांच्या मधल्या सांध्यांत जाऊन बसतो. वरून प्लेट धडधाकट दिसते, आतून सांधे ठिसूळ. दगडाचा मार बसला की सांध्यातून चिरते."

सुधाकर पहिल्यांदाच पुढे वाकला. "पोरी, मना सांग. पानी पाजल्यानं तो जातो का?"

"नाही, मामा. पाणी वेळेवर पाजलं नाही तर प्लेट वेगळ्या कारणाने कडक होऊन फुटते. पण हा फॉस्फरस पाण्याने जात नाही. तुम्ही एक सेकंदही उशीर केला नसता तरी ही प्लेट फुटलीच असती."

सुधाकरने डोळे मिटले. भागूबाईचा हात अजून त्याच्या गुडघ्यावर होता. तिने गुडघा हलकेच दाबला.

"मंग काढायचा कसा?" नथूचा आवाज घोगरा होता. "मोठ्या कारखान्यात चुना टाकून काढतात. मी बघितलंय."

"साध्या पोलादातून निघतो, बाबा. चुना टाकायचा आणि वर ऑक्सिजन फुंकायचा, मग फॉस्फरस मळीत जातो. पण आपल्या पोलादात मॅंगनीज आहे. ऑक्सिजन दिला की आधी मॅंगनीज जळून मळीत जाईल, फॉस्फरस जागचा हलणार नाही. म्हणून आपल्याकडे उपाय एकच. तो भट्टीत येऊच द्यायचा नाही."

"आणि तो आला कुठून?" रुडॉल्फने विचारलं.

रचनाने कागदाची घडी केली. "फेरो-मॅंगनीजमधून. जुन्या गोणीतला थोडा माल उरला होता, त्यात फॉस्फरस कमी आहे. ऑक्टोबरपासून जो माल येतोय, त्यात अडीचपट."

एवढं बोलून ती थांबली.

हरेशला तिचं थांबणं ऐकू आलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. पुढचं वाक्य तिला माहीत होतं, तरी ती ते बोलणार नव्हती. ते तिने त्याच्यासाठी ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, ती बोलली तर आपल्याला राग येईल. राग आला नाही. तो सावरून बसला. बाप समोर होता, ज्याने आयुष्यात माल डोळ्यांनी पारखून घेतला. मामा होता. रुडॉल्फ होता, डावा हात मांडीवर ठेवून बसलेला. अजूनही म्हणता आलं असतं, की दलालाने फसवलं.

"माल मी आणला," तो म्हणाला.

रुडॉल्फने मान वर केली.

"आपला नेहमीचा माल यायला उशीर होत होता. रुडॉल्फकाकांची ऑर्डर अडली होती. एक नवा माणूस लगेच द्यायला तयार होता. त्याच्याकडे तपासणीचा कागद नव्हता. मी मागितलाही नाही. मला वाटलं, मॅंगनीज ते मॅंगनीज." तो सुधाकरकडे वळला. "मामा, मी तुम्हाला जे—"

"थांब," सुधाकर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "इथं नको बोलू. जिथं बोललास तिथं बोल."

हरेशने मान हलवली.

जितेंद्रने सुस्कारा सोडून फाइल मिटली. "झालं तर. आता तरी पटतंय ना सगळ्यांना? दादाकडून चूक झाली, पुन्हा कुणाकडून तरी होईल. मी कुणाला दोष देत नाही, पण—"

"अजून एक आहे, भावजी," रचना म्हणाली.

तिने पर्समधून रुमालात बांधलेला एक तुकडा काढून जमिनीवर ठेवला. मळीचा तुकडा होता. वितळलेल्या पोलादावर जी घाण तरंगून येते, जी लोखंडी पळीने काढून टाकतात, ती. गार झाल्यावर ती काचेसारखी झाली होती. गडद हिरवी, कडेला प्रकाश आरपार जाईल एवढी पातळ.

"बाबा, ही मळी अशी हिरवी काचेसारखी कधीपासून येते?"

नथूने तुकडा उचलला नाही. त्याला उचलायची गरज नव्हती. "मॅंगनीजच्या प्लेटा ओतायला लागलो तवापासून. सहा वर्सं."

"त्याआधी साधं पोलाद करत होतात, तेव्हा?"

"तवा काली. जाड."

"आपल्या भट्टीच्या आतला थर वाळूचा आहे, सिलिकाचा. साध्या पोलादाला तो चालतो. पण जळलेलं मॅंगनीज त्या वाळूला खातं. दोन्ही मिळून ही पातळ काच होते. म्हणजे यात निम्मी आपली भट्टीच आहे, बाबा. विरघळून आलेली. आणि त्याचे बारीक कण पोलादात अडकून राहतात. फॉस्फरसने सांधे ठिसूळ झालेले, वर हे कण. चांगला माल आणला तरी अर्धंच काम होईल. थर बदलायला हवा. वाळूऐवजी मॅग्नेसाइटची पूड, तिला मॅंगनीज खात नाही. मग मळीत थोडा चुना टाकता येतो, ती जाड राहते, भट्टीला खात नाही."

ती बोलायची थांबली तेव्हा तिला कळलं की आपण सासऱ्यांच्या भट्टीला त्यांच्याच ओटीवर नावं ठेवली. तिने पदर सावरला. भागूबाईसुद्धा नवऱ्याकडे धास्तीने बघत होती.

नथू मात्र त्या घडीला कामणमध्ये नव्हताच. तो भांडुपला होता, तिशीतला, अंगात घामाने भिजलेली गंजी. तिथे एक बंगाली केमिस्ट होता, चष्मेवाला, बारीक आवाजाचा. त्याने एकदा अशीच मळी हातात धरून सांगितलं होतं, नथू, मॅंगनीजला वाळूची भट्टी नको. ती भट्टी खाऊन टाकेल. नथूने मान हलवली होती आणि मनात म्हटलं होतं, ज्याची भुवई कधी जळली नाही तो मला भट्टी शिकवतो. पुढे स्वतःची भट्टी घातली. वाळूचा थर डोळे मिटून ठोकता येत होता. मॅग्नेसाइट ठोकायला कठीण, भट्टी रोज थंड झाली की त्याला भेगा जातात. मॅंगनीजची पहिली ऑर्डर आली तेव्हा त्या केमिस्टचे शब्द त्याला आठवले होते. आठवले, आणि त्याने ते बाजूला सारले. दर आठवड्याला भट्टीची भिंत पातळ होताना तो बघत होता, थिगळं लावत होता, आणि कुणाला बोलत नव्हता.

"मना माहीत व्हतं," तो म्हणाला.

हरेशने चमकून बापाकडे बघितलं.

"एका शिकलेल्या मानसाने सांगितलं व्हतं. मी ऐकलं नाय. या हाताला वालूची सवय, म्हनून." त्याने आता तो हिरवा तुकडा उचलला, बोटात फिरवला आणि सुनेकडे बघितलं. "तुना इतकी वर्सं विचारलं नाय. ते पन माझंच चुकलं."

रचनाने मळीचा रिकामा रुमाल उचलला. ती खाली बसली.

"बाबांनी चूक मान्य केली, दादाने केली," जितेंद्र हळूच म्हणाला. तो चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. "सगळं खरं. पण मग मी सांगतोय तेच योग्य ठरतं ना? बंद करूया."

"जितू," भागूबाई म्हणाली, "मगाशी तू काय बोललास? कारन माहीत नसताना चालवनं धोक्याचं. आता कारन कललं. कलल्यावर बंद करतात का रं?"

"आई, कागदावर कळलंय. प्लेट कुठाय?"

"बरोबर विचारलंस," रुडॉल्फ म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "प्लेट कुठाय. नथूभाऊ, एक जोडी घाला. हिने सांगितली तशी. माझ्या क्रशरला लावतो."

"तुम्ही?" जितेंद्र म्हणाला. "काका, तुमचा हात अजून वर जात नाहीये."

"म्हणूनच मी. माझ्या क्रशरला प्लेट तर लागणारच ना? मी बाहेरून आणली, तर त्यात काय घातलंय ते मला कोण सांगणार? इथे निदान ही मुलगी सांगते. नवऱ्याचं चुकलं तरी सांगते." तो रचनाकडे बघून म्हणाला, "फक्त एक. प्रत्येक प्लेटेबरोबर मला तुझा कागद पाहिजे, तुझ्या सहीचा. नथूभाऊंची नजर चांगली आहे. पण फॉस्फरस नजरेला दिसत नाही."

नथूने एकदा त्याच्याकडे, मग हरेशकडे पाहिलं. "देऊ," तो म्हणाला.

भागूबाईने जितेंद्रच्या मांडीवरची फाइल उचलली आणि त्याच्याच हातात दिली. "त्या गोदामवाल्याला सांग, दोन महिने थांब. थांबला त थांबला."

"आणि नाही थांबला तर?"

"त कामनात जमिनी काय कमी हायेत? दुसरी बघंल तो."

जितेंद्र हसला. मनातून त्याला पटलं नव्हतं, पण उठताना त्याने विचारलं, "वहिनी, ते मॅग्नेसाइट मिळतं कुठे? आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याचा भाऊ भट्ट्यांचा माल विकतो."

मॅग्नेसाइट मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं, होळी झाल्यावर. हरेश नव्या फेरो-मॅंगनीजच्या गोण्या घेऊन आला तेव्हा त्याच्या खिशात तपासणीचा कागद होता. तरी त्याने चार वेगवेगळ्या गोण्यांतले खडे काढून रचनाकडे दिले. "कागद न मागता मी एकदा विश्वास ठेवला होता," तो म्हणाला. "आता मागूनही ठेवत नाही." बैठकीनंतर तो तिच्याशी तीन दिवस नीट बोलला नव्हता. चौथ्या दिवशी त्याने विचारलं होतं, प्रयोगशाळेतलं पोलादावरचं एखादं पुस्तक घरी आणता येईल का. त्यावर ती जे समजायचं ते समजली होती.

जुना थर फोडून काढायला दोन दिवस लागले. एका बाजूला तो चार बोटंही उरला नव्हता. नथूने ते मोजलं आणि कुणाला सांगितलं नाही, पण हरेशने मोजताना पाहिलं. नवा थर ठोकायला नथू स्वतः भट्टीत उतरला. मग त्याने तो सावकाश, लाकडाच्या जाळावर, पूर्ण दीड दिवस शेकला. घाईत गरम केला तर भेगा जातील म्हणून तो कुणाला जवळ येऊ देईना.

ओतायचा दिवस शुक्रवारचा होता. जितेंद्र रजा काढून आला. सुधाकर सकाळी आठला सायकलवरून उतरला आणि टाकीपाशी जाऊन उभा राहिला. कारखान्यातले सगळे अकरा कामगार होते. हरेश त्याच्यासमोर आला.

"मामा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "नोव्हेंबरात मी इथे तुम्हाला बोललो ते खोटं होतं. प्लेट माझ्या मालामुळे फुटली. तुमचं काम चोख होतं. मला माफ करा."

सुधाकरने काही क्षण त्याच्याकडे बघितलं. मग तो टाकीच्या पाण्यात हात घालून म्हणाला, "पानी शेवाललंय. उपसायला दोन बालद्या आन. नुसता हुबा काय ऱ्हायलास?"

हरेश धावत गेला. जितेंद्र त्याच्या मागे.

साडेअकराला भट्टीतला माल वितळला. नथूने पळीने मळी ओढली. ती पळीला काचेसारखी तार धरून लोंबली नाही. जाड साईसारखी आली आणि जमिनीवर पडून तपकिरी, भुसभुशीत झाली. त्याने ती बुटाने दाबून बघितली. मग छोट्या साच्यात नमुना ओतून हरेशच्या हाती दिला, आणि हरेश तो थंड करून मोटरसायकलवर वसईला घेऊन गेला. रचना तिथे मशीनपाशी वाट पाहत होती.

भट्टी धरून ठेवायची होती. पस्तीस मिनिटं. नथू आयुष्यात कुणासाठी असा थांबला नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता, वितळलेल्या पोलादाकडे बघत होता, आणि रंगावरून सगळं ठीक आहे असं त्याला कळत होतं. तरी तो थांबला. कोपऱ्यातला फोन वाजला तेव्हा जितेंद्र उचलायला धावला, पण नथूने स्वतः घेतला.

"बाबा," पलीकडून रचनाचा आवाज, "फॉस्फरस शून्य पॉइंट शून्य पाच. सिलिकॉनपण वाढलेलं नाही. भट्टीने काही सोडलं नाही."

"मंग ओतू?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "ओता, बाबा."

त्याने फोन ठेवला आणि हात वर केला. क्रेन हलली.

चार दिवसांनी त्या दोन्ही प्लेटा पुन्हा लाल तापवून सुधाकरने पाणी पाजलं. साखळीचं दुसरं टोक हरेशने धरलं होतं. वाफ छपरापर्यंत गेली, पाणी उकळलं, शांत झालं. प्लेटा वर काढल्या. रचनाने खडूची पूड आणि रंगाचं पाणी लावून कडेने भेगा शोधल्या. एकही सापडली नाही. एक जास्तीची पट्टी मुद्दाम बरोबर ओतली होती. ती कारखान्यातल्या सर्वांत दणकट माणसाने घणाने ठोकली. पट्टी वाकत वाकत नालेसारखी झाली, पण तुटली नाही. जितेंद्रने ती वाकलेली पट्टी बराच वेळ हातात धरली होती. निघताना त्याने विचारलं, "पुढचं ओतकाम कधी आहे, दादा?"

गोदामवाला दोन महिने थांबला नाही. त्याने चिंचोटीकडे जागा घेतली. भागूबाईला हे कळलं तेव्हा ती पापड वाळत घालत होती. तिने पुढचा पापड पसरला.

रुडॉल्फचा फोन मेच्या अखेरीस आला, भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना. नथूने उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे क्रशरचा खडखडाट एवढा होता की रुडॉल्फ ओरडून बोलत होता. नथू नुसतं हं, हं म्हणत राहिला. मग एकदम म्हणाला, "किती?" आणि मग, "दोन्ही?"

त्याने रिसीव्हर ठेवला. हरेश घास हातात धरून थांबला होता. सुधाकर आज इथेच जेवायला होता. त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"काय म्हणाले?" रचनाने विचारलं.

"प्लेटा झिजल्या," नथू म्हणाला. "दोन्ही. अकरा आठवडे दगड खाऊन सारख्या झिजल्या, खालच्या अंगाला. उलट्या करून लावल्या त्याने. आनि पुढच्या दोन जोड्या मागितल्यान्."

हरेशने डोकं खाली घातलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय हे क्षणभर कुणाला कळलं नाही, मग त्याचा हसण्याचा आवाज आला. सुधाकरही हसायला लागला, आणि नथू, ज्याला भागूबाईने गेल्या सहा महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं, तो भिंतीला टेकून तोंडभर हसला.

भागूबाई भाकरी वाढायची थांबली. "झिजल्या त हसता काय समदे?"

"अगो," नथू म्हणाला, "पोलाद झिजायलाच असतंय. चिरल्या नाय त्या. झिजल्या!"